सी विंगचे आजोबा आणि फ्लशचं पाणी

"सर, पाण्यातून कीमो काढायचं मशीन असतं का?" उंड्रीतल्या एका सोसायटीच्या चेअरमननी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फोन केला तेव्हाचं हे पहिलं वाक्य.

मी सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटचा सल्लागार आहे. पुण्याच्या कडेकडेनं टँकरवर जगणाऱ्या सोसायट्या वाढल्या तशी माझी कामंही वाढली. लोक वासासाठी बोलावतात, फेसासाठी बोलावतात, प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोटीस आली की घाईघाईनं बोलावतात. औषधासाठी बोलावणं आलं ते पहिल्यांदाच. सोसायटीचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही, ओळखीच्या एक-दोन खुणाही बदलल्या आहेत. हिशोब मात्र माझ्या वहीतलाच आहे.

तक्रार

२२० फ्लॅट, साधारण ८८० माणसं. सगळं सांडपाणी तळघरातल्या एसटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रियेच्या प्लांटमध्ये जातं. तिथून काही फ्लशला परत येतं, काही बागेला. उरलेलं ड्रेनेजला, म्हणजे शेवटी मुळा-मुठेत, तिथून भीमेत आणि उजनीत.

मार्च संपता संपता फ्लशचं पाणी पिवळट यायला लागलं, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास होता. बी विंगमधल्या एका मुलाच्या पाठीवर पुरळ उठलं. त्याच आठवड्यात कुरिअरवाल्यानं सी विंगमधल्या एका घरचं औषधाचं पार्सल चुकून शेजारच्या दारात ठेवलं. शेजाऱ्यांनी ते उघडलं, नाव वाचलं, मोबाइलवर शोधलं. हायड्रॉक्सीयुरिया. पेशींची वाढ रोखणारं, कॅन्सरवर वापरलं जाणारं औषध. रात्री साडेनऊपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वाक्य तयार होतं: सी विंगचं कीमोचं पाणी आपल्या सगळ्यांच्या फ्लशमध्ये येतंय.

कमिटीनं त्या कुटुंबाला पत्र दिलं. स्वखर्चानं आपल्या संडासाची वेगळी टाकी बसवावी आणि ती बाहेरून उपसून घ्यावी, अन्यथा पर्यायी निवासाचा विचार करावा. मी ते पत्र वाचलं. ‘पर्यायी निवास’ हा शब्द सोसायटीच्या लेटरहेडवर, खाली गोल शिक्का मारून आलेला होता. दुसरीकडे एका विक्रेत्यानं आरओ प्लांटचं काही लाखांचं कोटेशन देऊन ठेवलं होतं आणि ‘औषधाचे शंभर टक्के कण निघतील’ असं तोंडी सांगितलं होतं. चेअरमनना माझ्याकडून हवी होती ती या कोटेशनवर मान्यतेची सही.

मुलाचं पुरळ आधी निकालात काढतो. त्वचेच्या डॉक्टरांनी ते घामोळं असल्याचं सांगितलं होतं आणि आठ दिवसांत ते गेलंही होतं. ग्रुपवर ही दुसरी बातमी कुणी टाकली नव्हती.

आजोबा

वय ७२. खडकीतल्या कारखान्यातून निवृत्त, पहाटे पाचला उठणारे, पेपर शेवटच्या पानावरून वाचायला सुरुवात करणारे. चार वर्षांपूर्वी त्यांना अंघोळीनंतर विचित्र खाज सुटायला लागली. पुरळ नाही, चट्टा नाही, पण अंग पुसलं की अर्धा तास मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. आजोबांनी निदान स्वतःच केलं: टँकरचं पाणी. त्यांनी कमिटीला दोन अर्ज दिले. ते अर्ज आजही सोसायटीच्या फाइलमध्ये आहेत, मी पाहिले. ‘सदर पाण्यामुळे ज्येष्ठ नागरिकांच्या त्वचेस अपाय होत असून’ अशी सुरुवात आहे. कमिटीनं पाणी तपासून घेतलं, त्यात थोडा जडपणा सापडला आणि सॉफ्टनर बसवला गेला. खाज तशीच राहिली.

पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन १९ च्या वर आणि हिमॅटोक्रिट ५८ टक्के निघालं. हिमॅटोक्रिट म्हणजे रक्तात लाल पेशींनी व्यापलेला भाग, पुरुषांमध्ये तो साधारण चाळीस ते पन्नासच्या दरम्यान असतो. नेत्रतज्ज्ञांनी ऑपरेशन थांबवून रक्तविकारतज्ज्ञांकडे धाडलं. जेएके-२ या जनुकातला बदल तपासणीत सापडला आणि आजाराला नाव मिळालं: पॉलिसायथेमिया व्हेरा. अस्थिमज्जेतली पेशी बनवणारी यंत्रणा ‘थांब’ हा निरोपच ऐकत नाही आणि लाल पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होत राहतात. हा जनुकबदल २००५ मध्ये ओळखला गेला आणि या आजाराच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये तो आढळतो. रक्त घट्ट झालं की गुठळीची भीती: मेंदूत, हृदयात, पोटातल्या शिरांत. आणि अंघोळीनंतरची खाज? ती या आजाराची जुनी, पुस्तकात लिहिलेली खूण आहे. टँकरवाल्याचा त्यात काही दोष नव्हता.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रुतून बसलेली गोष्ट ही. आजारानं आधी आजोबांना पाण्यावर संशय घ्यायला लावला आणि चार वर्षांनी त्याच आजारानं पाण्यासाठी लोकांना आजोबांवर संशय घ्यायला लावला. दोन्ही वेळचा पत्रव्यवहार एकाच फाइलमध्ये आहे.

उपचार साधे दिसतात. अधूनमधून शिरेतून रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी, आणि साठीच्या पुढच्या किंवा आधी गुठळी होऊन गेलेल्या रुग्णाला हायड्रॉक्सीयुरिया. हा रेणू १८६९ मध्ये जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला, औषध म्हणून मात्र तो फार उशिरा कामाला आला. डीएनएचे सुटे भाग बनवणारं एक विकर तो अडवतो, त्यामुळे भराभर वाढणाऱ्या पेशींचा वेग मंदावतो. आजोबांना रोज ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल होत्या.

हे औषध फक्त म्हाताऱ्यांच्या या दुर्मीळ आजाराचं आहे असं समजू नये. सिकलसेलमध्ये तेच औषध गर्भावस्थेतल्या प्रकारचं हिमोग्लोबिन वाढवतं, त्यामुळे विळ्याच्या आकाराच्या पेशी कमी होतात आणि दुखण्याचे झटके कमी येतात. अमेरिकेत या वापराला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. विदर्भातून, नंदुरबारकडून शिकायला किंवा नोकरीला पुण्यात आलेली कितीतरी तरुण मुलंमुली ते वर्षानुवर्षं घेतात आणि रोज ऑफिसला जातात. हे मी कमिटीच्या बैठकीत सांगितलं तेव्हा कुणी फारसं लक्ष दिलं नाही.

तळघर

मी आधी आजोबांकडे गेलो नाही, तळघरात गेलो. बार स्क्रीन, म्हणजे कचरा अडवणारी गजांची जाळी, कलेक्शन टँक, मग एमबीबीआर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांत फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चकत्या आणि त्यांवर वाढलेले जिवाणू. पुढे सेटलिंग टँक, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर आणि शेवटी हायपोचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचा डोस. रचना चांगली होती, बिल्डरनं इथे काटकसर केली नव्हती. ती नंतर सोसायटीनं केली होती. हवा सोडणाऱ्या दोनपैकी एका ब्लोअरचा पट्टा फेब्रुवारीत तुटला होता. दुसरा वीजबिल वाचवायला रात्री अकरा ते सकाळी सहा बंद असायचा. टाकीतला विरघळलेला ऑक्सिजन मोजला तर लिटरला ०.३ मिलिग्रॅम निघाला, तिथे तो दोनच्या वर असायला हवा. कार्बन कधी बदलला याची नोंदच नव्हती. हायपोचा ड्रम कोरडा होता आणि डोसिंग पंप इमानेइतबारे हवा ढकलत होता.

"खरेदीची पीओ पास व्हायचीय, साहेब," ऑपरेटर म्हणाला. भूमकडचा पोरगा, दोन वर्षं या तळघरात.

वासाचा उलगडा इथेच झाला. हवा नसली की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. आजोबांच्या औषधानं प्लांटचे जिवाणू मारले असतील का, असं सेक्रेटरींनी मला दोनदा विचारलं. जिवाणू हवेविना गुदमरले होते.

मग ऑपरेटरनं कोपऱ्यातली एक प्लॅस्टिकची पिशवी आणून दाखवली. बार स्क्रीनवर अडकलेले औषधांच्या स्ट्रिप्सचे तुकडे तो वेगळे ठेवत होता. का, तर एकदा अ‍ॅल्युमिनियमच्या धारेनं बोट कापलं होतं आणि हा कचरा कुणाला तरी दाखवायचा असं त्यानं ठरवलं होतं. कुणाला दाखवायचं ते मात्र त्याला सुचलं नव्हतं. स्क्रीन तो उघड्या हातानं साफ करायचा. पिशवीत अँटासिड होतं, शुगरच्या गोळ्या होत्या, अर्धवट सोडलेली अँटिबायोटिक्स होती. आणि कात्रीनं दोन-दोन भाग केलेल्या तीन स्ट्रिप्स: हायड्रॉक्सीयुरिया ५००. काही खळग्यांत फुगून मऊ झालेल्या कॅप्सूल अजून चिकटलेल्या होत्या.

चेअरमनच्या चेहऱ्यावर ‘सांगितलं नव्हतं का’ असा भाव आला. त्यांनी लगेच आजोबांच्या सूनबाईंना खाली बोलावून घेतलं. त्या पाचच मिनिटांत बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आल्या.

"बाबांच्या सगळ्या रिकाम्या स्ट्रिप्स यात आहेत. ओपीडीत गोळ्यांचा हिशोब विचारतात, म्हणून मी एकही टाकत नाही."

डबा आम्ही टेबलावर ओतला. ब्रँड वेगळा होता. डब्यातल्या सगळ्या स्ट्रिप्स एका कंपनीच्या, बार स्क्रीनवरच्या तिन्ही दुसऱ्या. म्हणजे या सोसायटीत हेच औषध आणखी कुणाच्या तरी घरात होतं, आणि त्यांनी ते कापून संडासात सोडलं होतं. कोण, ते त्या दिवशी कळलं नाही. ग्रुपवर विचारायचा चेअरमनचा बेत मी थांबवला. सी विंगला गेलेलं पत्र ज्यांनी वाचलं असेल, त्यांच्यातला कुणी हात वर करणार नव्हता.

हिशोब

नमुना प्रयोगशाळेत द्यावा असं कमिटीचं म्हणणं होतं. नेहमीच्या तपासणीत बीओडी आणि सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीची मापं, पीएच, कोलिफॉर्म जिवाणू निघतात, एखाद्या औषधाचे मायक्रोग्रॅम निघत नाहीत. त्यासाठी वेगळं उपकरण, वेगळी पद्धत, वेगळा खर्च. पण जिथे आत किती येतं ते ठाऊक आहे, तिथे आधी पाटीवरचा हिशोब करावा. मी तो बैठकीत फळ्यावर केला.

आजोबा रोज १,००० मिलिग्रॅम घेतात. त्यातलं साधारण ४० टक्के औषध लघवीवाटे बाहेर पडतं, म्हणजे ४०० मिलिग्रॅम. सोसायटीचं सांडपाणी माणशी १३५ लिटरनं रोज सुमारे १,२०,००० लिटर. भागाकार केला की लिटरमागे ३.३ मायक्रोग्रॅम. पण पाणी फिरतं, एक तृतीयांश फ्लशमधून पुन्हा प्लांटला येतं. प्लांट औषधाचा एक कणही काढत नाही असं सगळ्यात वाईट गृहीत धरलं, तर रोज बाहेर जाणाऱ्या ८०,००० लिटरमधूनच ४०० मिलिग्रॅम निघून जायला हवं. तेव्हा फ्लशच्या पाण्यातलं प्रमाण लिटरला ५ मायक्रोग्रॅमवर स्थिरावतं. त्याहून वर चढत नाही. ‘साठत साठत जाणार’ ही भीती एवढ्यापुरती खरी होती: दीडपट, आणि तिथे थांबलं. गोळी पूर्णच्या पूर्ण बाहेर पडते असं मानलं तरी आकडा साडेबारा.

एक कॅप्सूल पोटात जायला या पाण्याचे एक लाख लिटर प्यावे लागतील, असं मी म्हणालो आणि खोलीत पहिल्यांदा हशा झाला. पण तिथेच थांबलो असतो तर ती लबाडी झाली असती. हे औषध जनुकीय द्रव्याशी खेळतं, आणि अशा औषधांच्या बाबतीत ‘उपचाराच्या मात्रेपेक्षा कितीतरी कमी’ हा पुरेसा युक्तिवाद नाही. औषधांमध्ये चुकून राहणाऱ्या, जनुकाला धोकादायक अशुद्धींसाठी औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रात एक मर्यादा वापरतात: आयुष्यभर रोज १.५ मायक्रोग्रॅम. तुलना उधारीची आहे, पण हाताशी असलेली सगळ्यात कडक पट्टी तीच. तिच्या हिशोबानं आमच्या पाण्यातले रोज ३०० मिलिलिटर कुणी प्यायला तर मर्यादा गाठली जाईल. फ्लश करताना उडणारे शिंतोडे मोठ्या मनानं रोज एक मिलिलिटर पोटात गेले असं धरलं, तर मर्यादेचा तीनशेवा भाग.

म्हणून पुढचा प्रश्न मी विचारला: हे पाणी फ्लशशिवाय कुठे जातं? बागेत, ते म्हणाले. कसं? स्प्रिंकलरनं. किती वाजता? संध्याकाळी सहाला.

मुलं खेळायला उतरतात तीच वेळ. उन्हाळ्यात ती त्या फवाऱ्यातून मुद्दाम पळतात, तोंड उघडं ठेवून. हायपोचा ड्रम कोरडा असताना, म्हणजे जिवाणू जिवंत असताना. पालकांपैकी कुणीच आजवर याची तक्रार केली नव्हती. मला स्वतःला हायड्रॉक्सीयुरियापेक्षा या फवाऱ्यातल्या साध्या, रोजच्या ई. कोलायची काळजी दसपट वाटली. स्प्रिंकलर त्याच रात्री बंद झाला आणि पुढच्या महिन्यात रात्री चालणारं ड्रिप बसलं.

आणखी एक आकडा फळ्यावर लिहिला. या ८८० जणांत मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, घेणारे किती? कमिटीच्या टेबलाभोवतीच तिघे होते. चाळीस धरू, रोज प्रत्येकी एक ग्रॅम. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जेवढं घेतलं तेवढं लघवीतून आणि शौचातून बाहेर पडतं. रोज ४० ग्रॅम, आजोबांच्या शंभरपट. प्लांटमधले जिवाणू त्याचं ग्वानिलयुरिया नावाचं रसायन करतात आणि ते पुढे नदीत जातं. मेटफॉर्मिन काही पेशी मारणारं औषध नाही, दोघांना एका तराजूत घालता येत नाही, हे मी सांगितलं. पण ‘औषधाचं पाणी’ या शब्दावर ज्यांचा आक्षेप होता त्यांनी स्वतःच्या खिशातली गोळी हळूच आठवली असावी.

थोडकं आहे म्हणून निरुपद्रवी, असंही कुणी समजू नये. कॅनडात एका अख्ख्या तळ्यात २००१ ते २००३ या काळात गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम इस्ट्रोजन लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम एवढंच मिसळलं होतं. नॅनोग्रॅम, म्हणजे मायक्रोग्रॅमचा हजारावा भाग. तिथल्या लहान माशांची वंशवाढ कोसळली. प्रत्येक रेणूचा स्वभाव वेगळा, आणि नदीतला मासा आपल्यासारखा शिंतोड्यापुरता पाण्याशी संबंध ठेवत नाही.

कोटेशनवर सही का नाही केली

आरओची बाजू आधी. हायड्रॉक्सीयुरियाचा रेणू इवलासा, रेणुभार ७६. युरियाचा तो चुलतभाऊ, आणि युरिया आरओच्या पडद्यातून बऱ्यापैकी निसटतो, हे अतिशुद्ध पाणी करणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. लहान, विद्युतभार नसलेला, पाण्यात मनसोक्त विरघळणारा रेणू पडद्याला नीट अडवता येत नाही. म्हणजे ज्या औषधाच्या भीतीपोटी मशीन घ्यायचं, त्याच औषधापुढे ते सगळ्यात दुबळं. शिवाय जे अडेल ते रिजेक्टच्या पाण्यात घट्ट होऊन ड्रेनेजला जाणार. टँकर विकत घेणाऱ्या सोसायटीनं पाण्याचा तेवढा वाटा गटारात सोडायचा, हा विचारच मला पटत नाही.

कार्बनचीही हीच अडचण. कार्बनला तेलकट स्वभावाचे, पाण्याशी फटकून वागणारे रेणू आवडतात. हायड्रॉक्सीयुरिया त्याला बिलगत नाही. तरी कार्बन बदलायला लावला, तो बाकीच्या औषधांसाठी आणि रंगासाठी.

हा रेणू नमतो तो ऑक्सिडीकरणापुढे. त्याच्या टोकाचा नायट्रोजन-ऑक्सिजनचा बंध सहज हल्ला झेलतो. म्हणून माझा भर होता हायपोवर: अर्धा तास संपर्क देणारी टाकी आणि शेवटी लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक. ओझोन आणखी चांगला. स्वित्झर्लंडनं २०१६ पासून अमलात आलेल्या नियमानुसार शंभरेक मोठ्या प्लांटना ओझोन किंवा कार्बनची जास्तीची पायरी लावायचं ठरवलं, निवडक सूचक रसायनं सरासरी ८० टक्के निघायला हवीत ही अट घालून. तिथे ते काम शहराच्या प्लांटवर, करातून होतं. २२० फ्लॅटच्या तळघरात ओझोन जनरेटर सांभाळायला माणूस कोण देणार? पट्टा तुटलेला ब्लोअर दोन महिने ज्यांनी बदलला नाही, त्यांच्या हाती विषारी वायूचं यंत्र द्यायला मी तयार नव्हतो. हे मी जरा सौम्य शब्दांत लिहून दिलं.

वेगळ्या टाकीला सरळ नकार दिला. एका माणसाची लघवी साठवली की सौम्य द्रावणाचं घट्ट द्रावण होतं, आणि उपसणारा टँकर ते कुठे रिकामं करतो ते आपण सगळे जाणतो.

हा झाला पाण्याबरोबर जाणाऱ्या औषधांचा हिशोब. रक्तविकारांची दुसरी काही औषधं टाकीत खाली बसणाऱ्या गाळाची वाट धरतात. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरचं इमॅटिनिब बहुतांशी शौचावाटे बाहेर पडतं आणि त्यातला चौथा हिस्सा न बदललेला असतो. थॅलेसेमियाच्या मुलांच्या शरीरात रक्त चढवून चढवून साठलेलं लोह काढणारं डिफेरासिरॉक्सही मुख्यतः शौचातूनच जातं. उलट मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरवरचं औषध जवळजवळ सगळं लघवीतून. गाळात अडकलेलं औषध पाण्याच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही. सोसायटी हा गाळ वाळवून गुलाबांना घालत होती आणि बागेतल्या कढीपत्त्यालाही. कढीपत्ता मी बंद करायला लावला. गुलाबांवरून वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. रुग्णालयातल्या पेशीनाशक औषधांच्या कचऱ्याला जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार वेगळी पिवळी पिशवी आणि १,२०० अंशांवरची भट्टी आहे. रुग्णालयाच्या सांडपाण्याला बीओडी ३०, सीओडी २५० अशा मर्यादा आहेत आणि माशांची चाचणीही: त्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले पाहिजेत. औषधाचं नाव त्या यादीत एकाही ठिकाणी नाही. आणि रक्तविकारांचे उपचार सुईवरून गोळीवर आले तसा हा सगळा भार रुग्णालयाच्या नळातून घरच्या संडासात सरकला. आजोबा दिवसाचे चोवीस तास घरीच असतात.

मावशी आणि डबा

सी विंगच्या त्या घरी मी नंतर गेलो. सूनबाई नियम नीट पाळत होत्या: कॅप्सूल उघडायची नाही, हातमोजे घालून द्यायची, फ्लश करताना झाकण बंद. आजोबांचा संडास रोज कोण धुतं, असं विचारल्यावर त्या गप्प झाल्या. धुणंभांडी करणाऱ्या मावशी. त्यांना औषधाबद्दल कुणी काहीच सांगितलेलं नव्हतं. सोसायटीतल्या ८८० जणांत औषधाच्या सगळ्यात जवळ रोज हात घालणारी माणसं दोन: या मावशी आणि बार स्क्रीन साफ करणारा भूमचा पोरगा. ग्रुपवर दोघंही नव्हते. जाड रबरी हातमोज्यांचे चार जोड त्याच संध्याकाळी आले. या प्रकरणातला सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

राहिल्या कापलेल्या स्ट्रिप्स. ३० कॅप्सूल म्हणजे १५ ग्रॅम, आजोबांच्या शरीरातून सदतीस दिवसांत जेवढं उतरतं तेवढं एका झटक्यात. ज्यानं टाकलं त्यानं वाईट हेतूनं टाकलं असं मला वाटत नाही. पुण्यात घरोघरचा कचरा ‘स्वच्छ’ या संस्थेच्या कचरावेचक हातानं निवडतात, त्यांच्या हाती असलं औषध नको, असा चांगला विचारही त्यामागे असू शकतो. घरच्या मुदतबाह्य औषधांना घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत घरगुती घातक कचरा म्हटलं होतं, ती वेगळी द्यायची. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेनं २०२५ मध्ये १७ औषधांची यादी दिली, जी लगेच फ्लश करावीत. ती मॉर्फिन, फेंटॅनिल, ट्रॅमाडॉल, डायझेपाम अशा धाटणीची आहेत, चुकून एक मात्रा घेतली तरी जीव जाऊ शकतो म्हणून. रक्तविकारांचं एकही औषध त्यात नाही.

सोसायटीच्या ऑफिसबाहेर कुलपाचा एक लोखंडी डबा बसवला, टपालपेटीसारखी फट असलेला. आजोबांचे उपचार चालतात त्या रुग्णालयाच्या फार्मसीनं महिन्यातून एकदा त्यातला माल घ्यायची तयारी दाखवली. डब्यासमोर कॅमेरा बसवायची सूचना आली, ती मी हाणून पाडली.

पुढे

दोन्ही ब्लोअर चोवीस तास सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात वास गेला. ऑक्सिजन २.८ वर आला. मेअखेरच्या तपासणीत बीओडी ८ निघाला, संमतीपत्रातली मर्यादा १० ची आहे. वीजबिल वाढलं, त्यावर वार्षिक सभेत दीड तास चर्चा झाली. सी विंगला दिलेलं पत्र ‘रद्द समजावे’ अशी एक ओळ इतिवृत्तात आली. आजोबांच्या मुलाला माफी हवी होती. आजोबा म्हणाले, राहू दे, मीही त्यांना पाण्यावरून दोन पत्रं लिहिली होतीच की.

जूनच्या शेवटी डबा उघडताना मी हजर होतो. कफ सिरप, डोळ्यांचे थेंब, कुणाच्या तरी गेलेल्या आईची औषधांची अख्खी पिशवी. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या हायड्रॉक्सीयुरियाच्या चार स्ट्रिप्स, बार स्क्रीनवर होता त्याच ब्रँडच्या. फार्मसीचं लेबल नखानं खरवडून काढलेलं होतं. चेअरमननी स्ट्रिप हातात घेतली, उलटी करून पाहिली, आणि काही न बोलता पिवळ्या पिशवीत टाकली.

घरी येऊन मी वही उघडली. रुग्ण १ खोडून २ केलं, ४०० चे ८०० केले. उत्तर लिटरला १० मायक्रोग्रॅम आलं.